रायपूरने फुटबॉल कुठून सुरू करावा?

मुंबईला जाणारी मेल कोलकात्याशेजारच्या हावड्याहून निघते. कोलकात्यात मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग असे देशाच्या सर्वोच्च लीगमधले तीन क्लब आहेत. चार-पाच तासांत टाटानगर येतं, तिथे जमशेदपूर एफसी. मग राउरकेला, बिलासपूर, रायपूर, दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया, नागपूर, वर्धा, भुसावळ, नाशिक. टाटानगर सोडल्यापासून मुंबई गाठेपर्यंत साधारण सतराशे किलोमीटरचा हा लोहमार्ग, आणि त्याच्यावर इंडियन सुपर लीगचा एकही संघ नाही. त्यामुळे लीग वाढवायची चर्चा निघाली की रायपुरात हमखास प्रश्न येतो : आपल्याकडे संघ कधी?

प्रश्न रास्त आहे. राज्याची राजधानी आहे, विमानतळ आहे, शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना आहे, स्पंज आयर्न आणि विजेतून उभे राहिलेले धनवंत उद्योजक आहेत. नवा रायपूरमध्ये क्रिकेटचं भव्य मैदान आहे. भुवनेश्वरला जमलं ते रायपूरला का जमू नये, असं इथली तरुण मुलं विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांतली आस मला कळते. तरीही माझं मत स्पष्ट आहे. आज कुणी रायपूरला सर्वोच्च लीगचा संघ ताटात वाढून दिला, तरी रायपूरने तो घेऊ नये. आणि लीगनेही तो देऊ नये.

आधी लीग कशी वाढली ते पाहू. २०१४ मध्ये आठ संघांनी सुरुवात झाली. २०१७ मध्ये बंगळूरु आणि जमशेदपूर आले, दहा झाले. त्या वर्षी नव्या संघांसाठी बोली मागवताना दहा शहरांची यादी निघाली होती. तीत रांची होती, दुर्गापूर होतं, कटक होतं, सिलिगुडी होतं, रायपूर नव्हतं. २०२० च्या यादीत भोपाळ आलं, रायपूर तेव्हाही नव्हतं. त्याच वर्षी ईस्ट बंगाल आल्यावर अकरा झाले. मग २०२३ मध्ये खालच्या श्रेणीतली आय-लीग जिंकून पंजाब एफसी वर आला, बारा. २०२४ मध्ये मोहम्मेडन, तेरा. २०२४-२५ च्या आय-लीगचा विजेता कोण, हा वाद स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत गेला आणि जुलै २०२५ मध्ये इंटर काशीच्या बाजूने निकाल लागला. चौदा.

शेवटच्या तीन पायऱ्या नीट बघा. बारा, तेरा, चौदा हे आकडे कुणी बसून, विचार करून ठरवले नाहीत. खालून वर यायचं दार उघडलं, पण वरून खाली जायचं दार बंदच राहिलं. २०२४-२५ पर्यंत सुपर लीगमधून एकही संघ खेळाच्या निकालावर खाली गेला नाही. एका बाजूने माणसं आत येत राहिली आणि बाहेर कुणी पडलंच नाही, तर खोली भरणारच. त्याला आपण विस्तार म्हणत आलो.

ही खोली मध्यंतरी कोसळायला आली होती. फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी व्यावसायिक हक्क विकले होते, त्या कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपली. पुढचा करार होईना म्हणून जुलै २०२५ मध्येच लीग थांबवल्याचं क्लबांना कळवण्यात आलं. हक्कांसाठी निविदा काढली, तर मुदतीत एकही बोली आली नाही. मुंबई सिटीमधून मँचेस्टर सिटीवाल्या परदेशी गटाने अंग काढून घेतलं. अखेर केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी ६ जानेवारी २०२६ रोजी घोषणा केली : लीग १४ फेब्रुवारीपासून होईल, संघ चौदा, सामने ९१. म्हणजे प्रत्येक जोडीची एकदाच गाठ, एका संघाला साखळीत तेराच सामने. आशियाई महासंघाचा निकष हंगामाला किमान २४ सामन्यांचा आहे. संघ वाढले आणि प्रत्येकाच्या वाट्याचा फुटबॉल निम्म्यावर आला. खेळाडूच्या पोटाशी थेट संबंध असलेली ही गोष्ट आहे. तेरा सामन्यांच्या हंगामावर कुणाचं वर्ष निघत नाही.

रायपूरला पाहुणा संघ कसा असतो हे अनुभवाने माहीत आहे. २०१३ मध्ये आयपीएलमधल्या दिल्लीच्या संघाने शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर आपले काही 'घरचे' सामने खेळले. पुन्हा २०१५ आणि २०१६ मध्ये. बिलासपूर, कोरबा, धमतरीहून बसगाड्या भरभरून माणसं आली. संघ आला, खेळला, परत दिल्लीला गेला. त्या सामन्यांमुळे छत्तीसगडचं क्रिकेट उभं राहिलं असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. ते उभं राहिलं छत्तीसगडचा स्वतःचा रणजी संघ २०१६-१७ मध्ये मैदानात उतरला तेव्हा. भिलाईत जन्मलेला शशांक सिंह मुंबईतून परतला आणि २०२४ मध्ये पंजाबसाठी आयपीएल गाजवून गेला; त्याला जागा मिळाली ती या रणजी संघात. हॉकीचंही तसंच. २०१५ च्या डिसेंबरात सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियमवर जागतिक हॉकी लीगची अंतिम फेरी झाली, भारताने नेदरलँड्सला शूटआउटमध्ये हरवून कांस्य घेतलं, त्या रात्री शहर झोपलं नाही. पण छत्तीसगडच्या हॉकीचं घर आजही राजनांदगाव आहे, कारण तिथे महंत सर्वेश्वरदास स्मृती स्पर्धा पिढ्यान्‌पिढ्या भरते आहे.

आता मराठी वाचकाच्या जवळचं उदाहरण घेऊ. पुण्याइतकी व्यावसायिक फुटबॉलची संधी मुंबई-कोलकात्याबाहेर फार थोड्या शहरांना मिळाली. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, चांगली अकादमी चालवली, २०१५ मध्ये बंद झाला. भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ नंतर दिसेनासा झाला. एफसी पुणे सिटी सुपर लीगच्या पहिल्या वर्षापासून होता. २०१९ मध्ये तोही गेला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. पुढे हैदराबादचाही संघ २०२५ मध्ये दिल्लीला हलला. आणि दिल्लीचा मूळ संघ २०१९ मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये ज्यांनी जांभळा-केशरी टी-शर्ट घालून आवाज दिला, त्यांना आज कुणासाठी ओरडायचं हे सांगायला कुणी नाही.

पुण्यात पैसा नव्हता का? होता. मैदान? बालेवाडीचं होतं. प्रेक्षक? होते. नव्हती ती एकच गोष्ट : मालकाने हात आखडला तर क्लब ज्यांच्या हाती राहील अशी माणसं. क्लब मालकाचा होता, शहराचा नव्हता.

याच्या उलट कोल्हापूर. तिथे आजवर सर्वोच्च लीगचा संघ नाही आणि तरीही शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम असा सामना असला की शिवाजी पेठेपासून मंगळवार पेठेपर्यंत काम थंडावतं. बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी : प्रत्येक संघाच्या मागे एक तालीम, एक पेठ, वर्गणी काढणारी माणसं, जुने खेळाडू असलेले बाप आणि नवे खेळाडू असलेली पोरं. कधीकधी ही चुरस हाणामारीपर्यंत जाते आणि ती निंद्यच आहे. पण २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतून आला. कोल्हापूरच्या तालमींपैकी एकही मालक सोडून गेला म्हणून बंद पडणार नाही, कारण तिला तसा मालकच नाही.

रायपूरला कुणासारखं व्हायचं आहे, हा मला खरा प्रश्न वाटतो. पुण्यासारखं झटपट आणि चकचकीत, की कोल्हापूरसारखं सावकाश?

तिसरा मार्ग आहे आणि तो आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. जमशेदपूर एफसी २०१७ मध्ये सुपर लीगमध्ये आला. पण टाटा फुटबॉल अकादमी १९८७ ची आहे. तीस वर्षं त्या गावाने दुसऱ्यांच्या संघांसाठी खेळाडू घडवले, मगच स्वतःचा संघ काढला. म्हणून तिथे पहिल्याच हंगामापासून जेआरडी टाटा संकुल भरलं. भिलाईचा कारखाना १९५९ पासून पोलाद ओततो आहे, वसाहती आहेत, पंत स्टेडियम आहे. पण कारखान्याच्या मालक कंपनीने, सेलने, आपली फुटबॉल अकादमी बोकारोला काढली. भिलाईला तशी अकादमी मिळाली असती तर आज या लेखाचा सूर वेगळा असता.

जगात लीगच्या वाढीचे दोन मोठे धडे आहेत आणि दोन्ही आपल्या उपयोगाचे आहेत. अमेरिकेत १९६८ मध्ये सुरू झालेल्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगने १९७५ मध्ये पेलेला न्यूयॉर्क कॉसमॉसमध्ये आणलं. गर्दी उसळली, ती पाहून मालक धावत आले, १९७८ मध्ये संघ २४ झाले. १९८४ चा हंगाम नऊच संघांनी खेळला आणि मग लीगच मिटली. नंतर आलेल्या मेजर लीग सॉकरने १९९६ मध्ये दहा संघांनी सुरुवात केली, बारापर्यंत गेली, २००२ च्या सुरुवातीला फ्लोरिडातले दोन संघ बंद करून पुन्हा दहावर आली. तिथून पुढची वाढ मात्र सावध होती. तीस संघ व्हायला २०२५ उजाडलं. तिसावा संघ सॅन दिएगोचा, प्रवेशशुल्क ५० कोटी डॉलर. आपल्याकडच्या काही जाणकारांना हे तीस फार खुणावतात. पण ती बंद लीग आहे, तिथून कुणी खाली जात नाही, आणि नव्या मालकाचं प्रवेशशुल्क हे जुन्या मालकांचं उत्पन्न असतं. अशा लीगला संघ वाढवायचा मोह सुटतच नाही. भारतात तर ते शुल्क भरणारेही रांगेत उभे नाहीत.

मला जपान जवळचा वाटतो. १९९३ मध्ये जे-लीग दहा क्लबांनी सुरू झाली. क्लबच्या नावात कंपनी नको, गाव हवं, असा त्यांचा आग्रह होता. १९९९ मध्ये दुसरी श्रेणी आली, २०१४ मध्ये तिसरी. २०२४ पासून तिन्ही श्रेणींत वीस-वीस, एकूण साठ क्लब. वाटेत ठेचा लागल्याच. १९९८ मध्ये योकोहामा फ्ल्यूगेल्सच्या पाठीराख्या कंपन्यांनी हात वर केले आणि क्लब शहरातल्या दुसऱ्या संघात विलीन झाला. तेव्हा चाहत्यांनी स्वतः पैसे जमवून योकोहामा एफसी हा नवा क्लब काढला. तो खालच्या श्रेणीपासून खेळत २००७ मध्ये पहिल्या श्रेणीत पोचला. चाहत्यांना हे करता आलं, कारण चढायला पायऱ्या होत्या. पुणेकर चाहत्यांनी मनात आणलं असतं तरी २०१९ च्या भारतात त्यांना तसा जिना नव्हता.

आज तो जिना कागदावर तरी आहे. राज्याची लीग जिंका, आय-लीग ३ मध्ये जा, तिथून २, तिथून आय-लीग, तिथून वर. रायपूरचा एखादा क्लब नियमाने चार बढत्यांत सर्वोच्च लीगमध्ये पोचू शकतो, आणि खालून आलेल्या क्लबला फ्रँचायझी शुल्कही भरावं लागत नाही. पंजाब असाच पोचला. हा जिना बांधायला फार उशीर झाला, त्याची किंमत गोव्याने मोजली. पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला डेम्पो, दोनदा विजेता ठरलेला साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली, कारण नव्या रचनेत वर जायची वाटच दिसत नव्हती. पुढच्याच हंगामात मिझोरमच्या आयझॉलने आय-लीग जिंकली, तरी त्यांना वर जागा नव्हती. लीग फुगत असताना तिच्या बुडाशी असं मोल वाया गेलं.

तेव्हा माझं उत्तर असं. वरची श्रेणी चौदावर थांबवावी. फार तर सोळा, तेही दोन्ही फेऱ्यांचा पूर्ण हंगाम भरवून दाखवल्यावर. चौदा संघ दुहेरी फेरीत १८२ सामने खेळतात, सोळा २४०. पाऊस, राष्ट्रीय संघाच्या तारखा, कोचीपासून गुवाहाटीपर्यंतचे विमानप्रवास धरले तर याहून जास्त आपल्याला झेपणार नाही. वर येणाऱ्या प्रत्येक क्लबसाठी एकाने खाली जावं. आणि प्रत्येक क्लबने आपल्या नावाच्या गावात खेळावं. काशीच्या नावाचा क्लब आय-लीगमधले घरचे सामने बंगालमधल्या कल्याणीला खेळत होता. त्यातल्या खेळाडूंच्या कर्तबगारीबद्दल मला आदर आहे, पण बनारसच्या पोराला त्याचा काय उपयोग? लुधियाना जिल्ह्यातल्या भैणी साहिब या खेड्यातला नामधारी एफसी आपल्याच मैदानावर खेळतो. विस्तार म्हणून मी त्या खेड्याकडे बोट दाखवेन.

लीगने पसरायचं आहे ते खाली, जिल्ह्यांत. तिथला एक सामना जवळून पाहा म्हणजे कळेल की पैसा कुठे हवा. दुपारी तीनला दोन पोरं घमेल्यातला चुना मुठीने सोडत रेषा मारतात. मैदान मुरमाचं, मधोमध क्रिकेटच्या खेळपट्टीचा कडक पट्टा. त्याच्यावर चेंडू पडला की गुडघ्याऐवजी खांद्याशी येतो, म्हणून इथले बचावपटू मधल्या भागात चेंडूला टप्पाच पडू देत नाहीत. गोलाची जाळी सुतळीने बांधलेली. पंच नोकरीवरून थेट आलेला, शिट्टी खिशात, मोजे पिशवीत. प्रथमोपचार म्हणजे बर्फाची पिशवी आणि स्प्रे. कार्तिकात धानकापणी लागली की खेड्यातून येणाऱ्या दोघातिघांची जागा रिकामी राहते. अंधार पडायच्या आत सामना संपवायचा असतो, कारण दिवे नाहीत. सर्वोच्च लीगमधल्या एका मध्यम परदेशी खेळाडूच्या मानधनात अशा जिल्हा लीगचे अनेक हंगाम निघतील.

मैदानंही राखावी लागतात. रायपुरात बूढा तालाबाशेजारी सप्रे शाळेचं मैदान आहे; मराठी घरात जन्मून छत्तीसगडमधल्या हिंदी पत्रकारितेचे प्रवर्तक ठरलेले माधवराव सप्रे यांचं नाव त्या शाळेला आहे. तलावाच्या सुशोभीकरणात मैदानाचा तुकडा जाणार म्हणून २०२० मध्ये शहरात विरोध उभा राहिला होता. शहराच्या मधोमध असलेलं, पोरं चालत जाऊ शकतील असं प्रत्येक मैदान नवा रायपूरमधल्या झगमगत्या स्टेडियमपेक्षा फुटबॉलच्या अधिक कामाचं आहे.

'वर तारा दिसला नाही तर खाली कोण खेळणार', हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. त्यात तथ्य नाही असं नाही. सुपर लीगच्या पहिल्या हंगामात सामन्याला सरासरी पंचवीस हजारांच्या आसपास प्रेक्षक आले, त्यात रॉबेर पिरेस आणि देल पिएरो यांच्यासारख्या परदेशी ताऱ्यांचा वाटा होता. पण पुढे तीच सरासरी निम्म्याच्या आसपास घसरली. आणि छत्तीसगडमध्ये या आक्षेपाला उत्तर देणारी जागा आहे, नारायणपूर. अबुझमाडच्या उंबरठ्यावरच्या त्या गावात रामकृष्ण मिशनचा आश्रम १९८५ पासून आहे. २०२४ मध्ये वीस वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा, स्वामी विवेकानंदांच्या नावाची, त्या आश्रमाच्या मैदानावर झाली. पुढच्या वर्षीही तिथेच. राज्याराज्यांचे संघ बस्तरच्या त्या टोकाला गेले. जिथे वर्षानुवर्षं फक्त चकमकींच्या बातम्यांत नाव यायचं, तिथल्या माडिया मुलांनी कडेला उभं राहून दिल्ली, कर्नाटक, मणिपूरचे संघ पाहिले. तिथे कुणी तारा नव्हता. मैदान होतं, वसतिगृह होतं, आणि वर्षानुवर्षं खेळ चालू ठेवणारी माणसं होती.

शेवटी एक सूचना, खास या भागातल्या मराठी माणसासाठी. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते आणि नागपूर राजधानी होतं. रायपूरची मराठी मंडळी त्या काळापासून या शहरात रुजलेली आहेत. आज फुटबॉलच्या व्यवस्थेत नागपूरचे क्लब मुंबईतल्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या छत्राखाली येतात. नागपूरहून मुंबई रेल्वेने सव्वाआठशे किलोमीटरच्या पुढे, रायपूर जेमतेम तीनशे. यंग मुस्लिम, कामठीचा रब्बानी क्लब असे जुने, जिगरबाज संघ नागपूरकडे आहेत. विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू केलेलं स्लम सॉकरचं काम तिथलंच. रायपूर, दुर्ग, भिलाई, राजनांदगाव, गोंदिया, नागपूर ही सगळी गावं एका रुळावर आहेत. सकाळच्या गाडीने जाऊन, सामना खेळून, रात्री घरी परतता येईल अशी आठ संघांची लीग ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत घेता येईल. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही टळतात. दोन्ही राज्यांच्या संघटनांनी महासंघाकडे मिळून परवानगी मागावी. विमानाची तिकिटं लागत नाहीत, हॉटेलं लागत नाहीत.

छत्तीसगड सरकारने आणि इथल्या उद्योजकांनी कुठल्याही बुडत्या फ्रँचायझीला रायपुरात आणून बसवायचा करार करू नये. त्याऐवजी पाच वर्षांसाठी या आठ संघांच्या पंचांच्या, प्रशिक्षकांच्या आणि दिव्यांच्या खर्चाचं हमीपत्र द्यावं. सहाव्या वर्षी त्यातला विजेता आय-लीग ३ चा अर्ज भरेल. आणि वाचकहो, येत्या हिवाळ्यात आपल्या गावात जिल्हा पातळीवरचा फुटबॉल सामना असेल, तर पोरांना घेऊन जरूर जा. तिकीट बहुधा नसतंच.